कॅप्टन हॉल्बींच्या पत्रातलं माझं वाक्य

समोर बसलेल्या माणसाला दिसत नाही. कागद तुमच्या हातात आहे. तो माणूस 'वाच' म्हणतो आणि ऐकायला मान कलती करतो — तुम्ही कागदावर आहे तेवढंच वाचाल, याची तुम्हाला खात्री आहे?

मला होती. अगदी छातीठोक होती. खोटं बोलणाऱ्यांची मला लहानपणापासून चीड. मंत्री, मालक, वर्तमानपत्रं, नातेवाईक — कुणालाच मी सोडलं नाही. आजवर पंधराएक पत्रकं लिहिली असतील, आणि त्यातल्या निम्म्यांचा शेवट 'सत्य दडपता येत नाही' असा आहे. येतं. सात वर्षं मी दडपलं आहे. आईला सांगितलं नाही, बाबांना नाही, पोलिसांच्या गाडीत माझ्या शेजारी बसून गाणी म्हणणाऱ्या मैत्रिणींनाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की तुम्ही ते वाक्य कुठेतरी वाचलं असेल म्हणून?

थांबा. आधीपासून सांगते.

मी शारजात वाढले. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. टाळेबंदी झाली, काळ्या यादीत नाव गेलं, आणि बाबा तिकडे गेले — दुबईतल्या एका बांधकाम सल्लागाराच्या ऑफिसात, पुन्हा ड्रॉइंग बोर्डासमोर. तिथे युनियन नव्हती, पत्रकं नव्हती. होती ती एका सुटकेसमध्ये, पलंगाखाली. पिवळी, गुलाबी, कडा उडालेली. शाळा इंग्रजी, मित्रमैत्रिणी मल्याळी आणि पाकिस्तानी. त्यामुळे मराठी वाचायला मी त्या सुटकेसमधून शिकले. 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी वाचलेलं पहिलं मराठी वाक्य. नावही बाबांनी तसंच ठेवलेलं — क्रांती. आई म्हणायची, "आमची क्रांती सकाळी दहाला उठते. तोवर वरण मीच लावते."

बाबांनी मला लिहायचे नियमही शिकवले. त्यातला एक नीट ऐका, कारण माझ्या गुन्ह्याचं हत्यार तोच आहे. बाबा म्हणायचे, "आकडा लोक विसरतात, बाळा. पाठ विसरत नाहीत. एका माणसाची पाठ दाखव, त्या पाठीवरचा वळ दाखव. बाकीचं पत्रक आपोआप चालतं." त्यांनी मात्र जी पाठ दाखवली ती प्रत्येक वेळी खरी होती. नाव, गाव, खात्याचा नंबर, सगळं असायचं. हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? नाही. नियमाच्या पोटातच होतं ते.

बारावी झाल्यावर माझं एक वर्ष रिकामं गेलं. पुण्याच्या कॉलेजात प्रवेश पुढच्या जूनमध्ये मिळणार होता. तेव्हा आमच्या इमारतीतल्या लिसीआंटींनी मला मिसेस हॉल्बींकडे नेलं. त्या खाडीजवळच्या एका जुन्या, बसक्या घरात राहायच्या. शारजाच्या शाळांत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. नवरा तिथल्याच कबरस्तानात, आडनाव मात्र माहेरचंच ठेवलेलं. एका अरब कुटुंबाच्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या, आणि त्या कुटुंबानंच त्यांचं घर आणि व्हिसा दोन्ही सांभाळलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या नजरेच्या मधोमध राखाडी डाग आला होता, कडेनं मात्र थोडं दिसायचं. म्हणून कुणाकडे बघायचं झालं की त्या तोंड दुसरीकडे फिरवायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय उर्मट बाई आहे! माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

त्यांना वाचून दाखवणारी हवी होती, आणि टाइप करणारी. त्या आपल्या आजोबांचं चरित्र लिहीत होत्या.

आजोबा म्हणजे कॅप्टन एडमंड हॉल्बी. 'कॅप्टन' ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे आलं ना चित्र — घोडा, तलवार, मिशा? माझ्याही आलं. मी मनात म्हटलं, सापडला! सुटकेसमधल्या पत्रकांत ज्यांच्याविषयी वाचलं, त्यांच्यातला एक अस्सल नमुना, हाडामांसाचा.

पण तो कॅप्टन खऱ्या फौजेतला नव्हता. वकिलाचा मुलगा. इंग्लंडमधल्या एका लहान गावात आठवडाभर बापाच्या ऑफिसात कागद चाळायचा आणि शनिवारी दुपारी स्वयंसेवक पलटणीची कवायत करायचा — दारूच्या भट्टीमागच्या मोकळ्या जागेत, आपल्याच पैशानं शिवलेला करडा गणवेश घालून. मग रेल्वेच्या नोकरीवर दख्खनमध्ये आला. तिथेही रेल्वेच्या साहेब लोकांची अशीच एक हौशी पलटण होती. तिच्यात तो कॅप्टन झाला. अख्ख्या आयुष्यात त्यानं एकच मोहीम केली: एका पुलावर दोन दिवस पहारा. कुणी आलं नाही. एक म्हैस आली, असं त्यानं बहिणीला कळवलं आहे.

बाकी सगळं क्रिकेट. तेही हौशी. तेव्हाच्या इंग्लंडात क्रिकेटवाल्यांच्या दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारे ते सभ्य गृहस्थ, आणि पैसे घेऊन खेळणारे ते व्यावसायिक. दोघांची मैदानात यायची फाटकं वेगळी. धावफलकावर गृहस्थाच्या नावामागे 'मिस्टर' आणि आद्याक्षरं. व्यावसायिकाचं नुसतं आडनाव, नोकराला हाक मारल्यासारखं. हे मिसेस हॉल्बींनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं, आणि मी उसळले. "म्हणजे तुमच्याकडेही जाती होत्या!" त्या हसल्या. तोंड फिरवून, म्हणजे माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होत्या ना. आमच्या फक्त पांढऱ्या कपड्यांत होत्या, म्हणून स्वच्छ वाटत होत्या."

सांगा, अशा बाईचा राग कसा येणार?

त्यांच्यावर राग आलाच नाही. कॅप्टनचा यायला लागला, आणि तोही तो वाईट होता म्हणून नाही — तो वाईट निघत नव्हता म्हणून. पत्र्याच्या डब्यात त्याची सव्वाशेएक पत्रं होती, सगळी बहिणीला लिहिलेली. मी रोज सकाळी नऊला जायची, एसीची घरघर सुरू असायची, आणि मी वाचायची. मोजे पाठव. हातमोजे उसवले. चटईच्या विकेटवर चेंडू गुडघ्याएवढाच उठतो. लोणचं आवडू लागलं आहे, आईला सांगू नकोस. एकोणीस धावा केल्या, मग पायचीत. पंचाचं चुकलं नाही. — पंचाचं चुकलं नाही! कसला हा साम्राज्यवादी? मी घरी येऊन आईला म्हणायची, "शंभर पत्रं झाली, एक तरी गोळी झाडेल की नाही हा माणूस?" आई म्हणायची, "अगं, पगार मिळतोय ना? मग त्याला मोजे घालू दे."

मिसेस हॉल्बींना मात्र तो माणूस हवा होता. तसाच, मोज्यांसकट. त्या सहा वर्षांच्या असताना म्हाताऱ्या कॅप्टननं त्यांना परसात बॅट धरायला शिकवलं होतं. मुलींनी खेळू नये असं बाकी सगळ्यांचं म्हणणं. त्यांचा धाकटा भाऊ जेफ्री इंग्लंडात होता. दर शुक्रवारी सकाळी त्याचा फोन यायचा. दोघंही सत्तरी ओलांडलेली, आणि फोनवर शाळकरी पोरांसारखी भांडायची. मूलबाळ दोघांनाही नाही. आजोबांचं चरित्र हे दोघांचं मिळून एक घर होतं म्हणा. त्या लिहायच्या, तो टेलिफोनवर चुका काढायचा.

आता मी येतेच आहे त्या सकाळवर. येते. जरा कठीण जातं आहे.

त्या आठवड्यात, मंगळवारी, बाबा नेहमीपेक्षा लवकर घरी आले. ऑफिसात एक नवा इंग्रज इंजिनिअर आला होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. एक माप त्यानंच कुणाला न कळवता बदललं होतं, आणि ते बाबांच्या ड्रॉइंगमध्ये उतरलं नाही म्हणून त्यानं अख्ख्या हॉलसमोर ड्रॉइंगचं भेंडोळं बाबांच्या अंगावर फेकलं. बाबांनी ते खाली वाकून उचललं. "मग?" मी विचारलं. "मग काय? सुरळी सोडली आणि परत बोर्डावर लावलं." "तुम्ही काहीच बोलला नाहीत?" बाबा म्हणाले, "खलास, क्रांती. व्हिसा त्यांच्या हातात आहे. भाजी वाढ."

ज्याच्या पत्रकांवर मी वाढले, तो माणूस म्हणत होता भाजी वाढ.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून वाचू नका. त्या इंजिनिअरचं नाव मला माहीत होतं, ऑफिस कुठे आहे ते माहीत होतं. मी तिथे जाऊन एक शब्द बोलू शकले असते. एखादं निनावी पत्र टाकू शकले असते. नाही केलं. बाबांना निदान घर चालवायचं होतं. मला काय धाड भरली होती? मी भ्याले. आणि बुधवारी सकाळी नऊ वाजता एका आंधळ्या बाईसमोर बसून, सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर शूर झाले.

त्या दिवशीचं पत्र आडवं-उभं लिहिलेलं होतं. टपालाचा खर्च वाचवायला तेव्हाचे लोक असं करायचे. कागद भरला की तो फिरवायचा आणि लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात दुसऱ्या ओळी लिहायच्या. कागदाची जाळी होते. सरळ ओळी सवयीनं वाचता येतात. आडव्या वाचायला डोळे फोडावे लागतात. मिसेस हॉल्बी म्हणायच्या, "लहानपणी जेफ्री या पत्रांतल्या आडव्या ओळी कधीच वाचायचा नाही. फार आळशी!"

आडव्या ओळींत असं होतं — मला तोंडपाठ आहे, मराठीत सांगते: 'आज सकाळी नेटमध्ये माळ्याकडून गोलंदाजी करून घेतली. त्यानं माझा तीनदा त्रिफळा उडवला, आणि तिसऱ्या वेळी मला हसूच आलं.'

एवढंच. पुढे पुन्हा मोजे.

मी वाचलं, 'त्यानं माझा तीनदा त्रिफळा उडवला' — आणि तिथे थांबले. किती वेळ? एक श्वास. माझ्या डोळ्यांपुढे बाबा वाकलेले होते. आणि मी त्याच आवाजात, त्याच जुन्या वळणाच्या इंग्रजीत, जे तोवर माझ्या जिभेवर पुरतं बसलं होतं, पुढे म्हणाले:

'आणि त्यानं आपली पायरी विसरू नये म्हणून मी त्याला पलटणीसमोर उभं करून बारा फटके मारवले.'

झालं. सांगून झालं.

नाही, झालेलं नाही. कारण एवढंच असतं तर ती एका क्षणाची आग म्हणता आली असती. ऐका पुढे.

मिसेस हॉल्बींनी तोंड माझ्या दिशेला सरळ केलं, म्हणजे त्यांना मी दिसेनाशी झाले. मग म्हणाल्या, "परत वाच." माझ्याकडे वेळ होता. 'चुकलं, ओळ सरकली' असं म्हणायला तीन शब्द लागले असते. आडव्या ओळी होत्या, कुणालाही पटलं असतं. मी परत वाचलं. शब्द न् शब्द तोच. बारा फटके बाराच ठेवले.

त्यांनी विचारलं, "माळ्याचं नाव दिलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

हे मात्र खरं होतं. कागदावर नुसतं 'माळी' होतं. पाच वर्षं तो माणूस कॅप्टनला रोज सकाळी चेंडू टाकत होता, पुढेमागे पुष्कळ पत्रांत तो येतो, आणि एकाही पत्रात त्याला नाव नाही. जो माणूस विरुद्ध संघातल्या प्रत्येक गृहस्थाची आद्याक्षरं बहिणीला कळवतो, त्याला आपला त्रिफळा उडवणाऱ्याचं नाव लिहावंसं वाटत नाही. आरोपपत्र तयार होतं हो माझ्यासमोर! कॅप्टनच्याच हस्ताक्षरात. पण त्यात रक्त नव्हतं. मला रक्त हवं होतं. आणि गंमत बघा — मीसुद्धा त्या माळ्याला नाव दिलं नाही. त्याची पाठ घेतली आणि वापरली.

त्या आठवड्यात मिसेस हॉल्बींनी काम थांबवलं. मला वाटलं, त्या ते वाक्य गाळतील. कुणीही गाळलं असतं. आजोबा होते ते, बॅट धरायला शिकवणारे. मनातून मी तसं म्हणतही होते — गाळा, आणि मग मला तुमचा तिरस्कार करता येईल, आणि सगळं ठीक होईल. शनिवारी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घाल. टिपेत नको, मजकुरात. आणि खाली लिही की त्याच्या नातीला हे वाचून लाज वाटली."

मी टाइप केलं. माझ्या बोटांनी.

त्यानंतरच्या शुक्रवारी जेफ्रीचा फोन आला. मी तिथेच होते, मसुदा छापत होते. त्यांनी त्याला वाचून — म्हणजे पाठ म्हणून — दाखवलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचं बोलणं ऐकलं. "तू दहा वर्षांचा होतास, जेफ्री. तू सरळ ओळी वाचल्यास." मग, "मुलीनं दोनदा वाचलं आहे. दोनदा. ती खोटं का बोलेल?"

तुम्हीच सांगा, ती खोटं का बोलेल?

जेफ्रीनं पत्राची झेरॉक्स मागितली. रास्त मागणी. मिसेस हॉल्बींनी मला पत्र दिलं, रोला चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मोठी प्रत काढून आण म्हणाल्या. मी पत्र घेऊन निघाले. दुकानापर्यंत गेले. दुकानदार मलबारी होता, "यल्ला, लवकर, किती कॉपी?" म्हणाला. मी म्हटलं, मशीन नीट आहे ना, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत बाहेर पडले. पत्र वहीत घातलं, वही पिशवीत. परत येऊन सांगितलं की पत्र कुठेतरी पडलं. रडलेसुद्धा. ते रडणं खरं होतं, हे आणखी किळसवाणं.

त्या मला रागावल्या नाहीत. "कागद आहे, मुली," म्हणाल्या. जेफ्रीला कळवलं. आता जेफ्रीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बहीण आजोबांवर चाबकाचा आळ घेते, पुरावा मागितला तर म्हणते हरवला. त्यानं लिहिलं की हे पुस्तक असं छापणार असशील तर माझं नाव आभारातसुद्धा नको. त्यांनी छापलं. शारजातच, दोनशे प्रती, निळसर कापडी बांधणी, 'एक हौशी कप्तान' अशा अर्थाचं इंग्रजी नाव. शुक्रवारचे फोन बंद झाले.

म्हणजे त्यांनी काय केलं, पाहिलंत? माझ्या पत्रकांत मी माणसांकडे जे मागत होते — आपल्या घराण्याचं पाप कबूल करा, जे तुमच्या जवळचं आहे त्याविरुद्ध उभं राहा, किंमत द्या — ते सगळं त्या म्हाताऱ्या इंग्रज बाईनं एका आठवड्यात केलं. मी पाहिलेलं सगळ्यात तत्त्वनिष्ठ कृत्य ते. आणि ते माझ्या थापेवर उभं होतं.

मी पुण्याला आले. पत्रकं लिहू लागले, लोकांना आवडू लागली. 'क्रांतीची लेखणी म्हणजे कोयता' असं एक कॉम्रेड म्हणाला, तेव्हा मी लाजले नाही. दोन वर्षांनी सुट्टीत शारजाला गेले, तेव्हा मिसेस हॉल्बींना भेटायला गेले. का गेले? सांगायला गेले, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्या फारच खंगल्या होत्या. आता कडेनंही दिसत नव्हतं. स्टेडियमवर मॅच होती त्या दिवशी, लोकांचा गोंगाट हवेबरोबर खोलीत यायचा आणि त्या मान कलती करून विचारायच्या, "कोण गेलं आउट?" जसं काही मला तिथून दिसत होतं.

मग त्या म्हणाल्या, "ते पत्र वाचताना तुझा आवाज कापला होता. आठवतं? दुसऱ्यांदा वाचताना. मला तेव्हाच कळलं की ते खरं आहे. जेफ्रीला मी हेच सांगितलं होतं — तू तिचा आवाज ऐकला असतास तर तुला कागद लागला नसता."

मी त्यांचा हात धरला होता. मी म्हटलं, "हो, आठवतं."

बास. तेवढंच म्हटलं. त्या पुढच्या वर्षी त्या गेल्या. आईनं फोनवर सांगितलं. ते अरब कुटुंब दफनाला होतं, लिसीआंटी होत्या, आई आणि बाबाही गेले होते. भाऊ आला नाही. "असा कसा गं भाऊ?" आई म्हणाली. मी म्हटलं, "असतात काही लोक." — माझ्या तोंडून आलेलं सगळ्यात नीच वाक्य कोणतं असं विचारलंत, तर बारा फटक्यांचं नाही. हे.

अजून एक राहिलं. गेल्या वर्षी आमच्यातला दिनेश इंग्रज साहेबांच्या घरी राबणाऱ्या नोकरमाणसांवर पुस्तिका लिहीत होता. चांगलं काम, वर्षभर दप्तरखान्यांतून फिरून त्यानं खऱ्या नोंदी गोळा केल्या होत्या. खऱ्या. अंगावर काटा येईल अशा. एका संध्याकाळी तो धावत आला. "क्रांते, तू शारजाची ना? हे बघ, रद्दीत काय घावलं! तुझ्या शारजात छापलंय!" निळसर कापडी बांधणी. त्यानं ते वाक्य पेनानं अधोरेखित केलं होतं. "खुद्द नातीनं छापलंय. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?" आणि मुखपृष्ठावर घेऊ का म्हणाला.

मी म्हटलं, "घे. जोरदार आहे."

पुस्तिका निघाली. पाठपोट मळक्या केशरी रंगाची आहे, मुखपृष्ठावर माझं वाक्य आहे, मोठ्या टायपात, मराठीत. भाषणांत वापरतात ते. परवा एका सभेत एका बाईंनी ते वाचलं आणि पुढच्या रांगेतली म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. त्या पुस्तिकेत एकोणचाळीस खरी माणसं आहेत, नावानिशी, आणि त्यांच्या डोक्यावर माझं खोटं बसलं आहे. उद्या कुणी हुशार माणूस उठेल, तीन पत्रं धुंडाळेल, म्हणेल: मुखपृष्ठच खोटं, मग आतलं कशाला खरं मानायचं? आणि त्या एकोणचाळीस जणांना दुसऱ्यांदा पुसून टाकेल. त्याला कोयता मी दिलेला असेल.

मग मी बोलले का नाही? मला ठाऊक नाही असं म्हणणार नाही. ठाऊक आहे. मला टाळ्या आवडतात. आणि मी सच्ची आहे हे लोकांना वाटणं, हे मला सच्चं असण्यापेक्षा आवडायला लागलं होतं.

दिनेशला काल सांगितलं. तो खुर्ची ओढून उठला आणि दाराबाहेर उभा राहिला, पाठ करून. जेफ्री हॉल्बींना मूळ पत्र रजिस्टर टपालानं पाठवलं आहे, सोबत ही सगळी हकीकत इंग्रजीत. पत्ता जुना आहे, ते ऐंशीच्या घरात असतील. पोचपावती अजून आलेली नाही. आली तरी बहिणीचा शुक्रवार त्यातून निघणार नाही.

मला माफ करा असं मी तुम्हाला म्हणत नाही. तुम्ही माफ करणारे कोण? ज्यांच्याकडे मागायची त्या गेल्या, आणि दुसरा ज्याच्याकडे मागायची त्या माळ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

एकच काम करा. ती केशरी पुस्तिका तुमच्याकडे असेल, तर मुखपृष्ठावरचं वाक्य खोडा. ते निळसर पुस्तक एखाद्या वाचनालयात, रद्दीच्या दुकानात, कुणाच्या कपाटात दिसलं, तर दुसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ खोडा, आणि समासात लिहा की माळ्यानं तीनदा त्रिफळा उडवला आणि कॅप्टन हसला. पेन्सिलीनं नको, शाईनं लिहा. पुस्तक तुमचं नसलं तरी लिहा. ग्रंथपालांनी हटकलं, तर माझं नाव सांगा.